सत्त्याऐंशी नावांचा एकच पेशंट

तीर्थरूप मामांस भाचीचा वाकून नमस्कार. मामींचा खोकला थांबला असेल आणि तुमचा पुरातन कॉम्प्युटर अजून धुगधुगत असेल, अशी आशा करते (खरं तर पहिल्या बाबतीतच).

निवृत्त होऊनही तुम्ही डोळ्यांच्या दवाखान्यातल्या पेशंटांची यादी घरून टाइप करून देता, म्हणून इथे सगळे तुमचे गोडवे गातात. मीही गायले असते. पण सोमवारी माझा प्रोग्रॅम पहिल्यांदा सुरू झाला. काम शेंबड्या पोरालाही जमेल असं: फाइलमधली एकेक ओळ वाचायची आणि तिच्यातलं नाव स्पीकरवर पुकारायचं. ओळ कुठे संपली हे कळायला फाइलमध्ये एक न दिसणारी खूण असते. ती सगळीकडे सारखीच, असं मी समजत होते (हसू नका). तुमचं यंत्र मात्र आपली वेगळीच खूण ठेवतं. माझ्या प्रोग्रॅमला ती ओळखता येईना, म्हणून त्याने अख्खी यादी एकच ओळ मानली, आणि स्पीकरने सत्त्याऐंशी नावं एका दमात पुकारून नम्रपणे सांगितलं, "खोली क्रमांक दोनमध्ये यावे."

लोक भलतेच आज्ञाधारक. सगळे उठले. निम्म्यांच्या डोळ्यांत औषधाचे थेंब, त्यामुळे कोण कुणाचा हात धरतंय याचा पत्ता नाही. एक गृहस्थ परक्याच बाईंना "अगं, पर्स सांभाळ" म्हणत आत शिरले. सिस्टर दारात आडव्या. तीन महिने मोतीबिंदूच्या ऑपरेशनची वाट पाहणाऱ्या आजी मला म्हणाल्या, "बाई, सगळ्यांचं एकदमच उरकणार का? मग माझा डोळा मलाच बसवा म्हणावं."

मी घाईघाईने प्रोग्रॅमला तुमची खूण शिकवली. तेवढ्यात काउंटरवरच्या बाईंनी पुरवणी यादी दिली. त्यांचा कॉम्प्युटर प्रत्येक ओळीअखेर दोन खुणा ठेवतो (उदार माणसं). माझ्या हुशार प्रोग्रॅमने दोन खुणा म्हणजे दोन ओळी धरल्या, आणि प्रत्येक पेशंटामागे एक बिननावाचा पेशंट आत पाठवला. डॉक्टरांनी मान वर न करता रिकाम्या खुर्चीला विचारलं, "काय त्रास होतोय?" मग मला बोलावलं. "तुमचा हा पेशंट फार सहनशील आहे. मी नाही. दुपारपर्यंत जमवा, नाहीतर उद्यापासून सिस्टर हाका मारतील."

मी जेवले नाही. शेवटी अक्कल आली: खूण एक असो, दोन असोत की तुमची, अर्थ "ओळ संपली" एवढाच. वाचतानाच सगळ्यांची एकच खूण करून टाकायची, मग ओळी पाडायच्या. तीन वाजता आजींचं नाव एकटंच पुकारलं गेलं. उठताना त्यांनी दोनदा मागे वळून पाहिलं, कुणी येत तर नाही ना.

दोष कुणाचा, हे लहान तोंडी मोठा घास घेऊन मी सांगणार नाही. तेवढा तो कॉम्प्युटर भंगारात द्या.

तुमची निर्दोष भाची

ता. क. : एवढ्यात देऊ नका. उद्याच्या यादीतल्या खुणा सारख्या करताना माझ्या प्रोग्रॅमने तुम्ही पाठवलेल्या मूळ फाइलवरच लिहिलं, आणि ती कोरी झाली. आजच्या आज पुन्हा पाठवा.

ता. क. २ : डॉक्टरांना मी सांगितलंय, की यादी तुम्ही पाठवलीच नाहीत. त्यांचा फोन येईल. तुम्ही फक्त "विसरलो" म्हणा.