रुसका खटका

३ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझी भाची आता पालथी पडते. फोटो पाठवतेय, भिंतीचा नवा रंगही बघ. पाळण्यावरचा विजेचा पॅनेल आठवतो? हीटर आणि गिझर एकत्र लावले की खटका पडायचा, नि घरभर अंधार. ह्यांनी स्वतःच मोठा खटका आणून बसवला. आता घर कसं उबदार असतं. तू लोकांच्या घरातली वायरिंग तपासून खुसपटं काढत हिंडतोस ना, आमच्याकडे तुला काही मिळायचं नाही!

बाळ, सासूबाईंचं दुखणं, घर, सगळं निभावतेय. माझी कसलीच तक्रार नाही.

लोभ असू दे, पाय इकडे वळू देत.
तुझी,
धाकटी

८ जानेवारी

चि. सौ. रुसूबाईस,
अ. उ. आ.

फोनवर सांगितल्याप्रमाणे हीटर बंद ठेवला असशीलच. जावईबापू नुसते हं हं करत होते, म्हणून कारण लिहून पाठवतो. त्यांना वाचायला दे.

फोटोत भाचीआधी मला पॅनेल दिसला. सवयच तशी! झाकण उघडं आहे. खटका नवा, दांडगा, पण त्यातून निघालेली वायर जुनीच, दिव्यांना लावतात तसली बारीक. स्क्रूपाशी तिचं आवरण तपकिरी पडलंय. हे मला घरोघरी सापडतं. खटका सारखा पडतो म्हणून लोक खटकाच बदलतात. अगं, वायर तापायच्या आत रुसून बसणं हेच त्याचं काम. नवा रुसणार नाही, वायर भिंतीतल्या भिंतीत जळेल, आणि त्या भिंतीला पाळणा टेकलाय. पाळणा आजच्या आज हलव, जाणता वायरमन बोलाव.

ही ओळ तुझ्यापुरती. लहानपणी तू ऊठसूट रुसायचीस. कसलीच तक्रार नाही हे वाचून मला फोटोइतकीच भीती वाटली.

छकुलीला पापा. खुशाली लगेच कळव.
तुझा,
दादा

१९ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून हे आधी फुगले. फोटोवरून रोग ओळखणारा वैद्य पहिल्यांदाच पाहिला म्हणाले. पण वायरमनने वायर ओढली तर आवरणाचा भुगाच हातात आला. भिंत फोडली, तर आत पाळण्याच्या उंचीवर काळा डाग. हे बाळाला छातीशी धरून बराच वेळ तिथेच उभे होते. आता हीटर आणि गिझरला वेगवेगळ्या जाड वायरी आहेत आणि खटके त्यांच्या मापाचे.

तुझी 'माझ्यापुरती' ओळ ह्यांनीच आधी वाचली. काय होतंय म्हणून विचारलं. मी नेहमीसारखं काही नाही म्हणणार होते, पण रडूच फुटलं. दादा, मी फार थकले होते रे. सगळं सांगून टाकलं. आता रात्री बाळ ह्यांच्याकडे असतं.

काल हीटर चालू असताना मी त्याच लायनीवर इस्त्री लावली आणि खटका पडला. ह्यांनी आधी इस्त्री काढली, मगच खटका वर केला, आणि मला विचारलं, की नक्की कोण रुसलंय. मी सांगितलं, आज तो, माझा नंबर उद्या.

लोभ आहेच, रुसवाही चालवून घे.
तुझी,
रुसूबाई