मेंढीने घेतलेली ब्राह्मी

सांगली, दि. ८ सप्टेंबर १९७४
॥ बिरोबा प्रसन्न ॥

ती. आप्पासोकाकांस अंजनाचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

वसतिगृहात मी खुशाल आहे. आज्जा बिरोबाची ओवी गाताना मध्येच थांबले, हे तुमच्या पत्रात वाचल्यापासून पुस्तकात लक्ष लागत नाही. माणसांची नावे ते वर्षभर विसरत होतेच. ओवी मात्र कधी सुटली नव्हती. दसऱ्याला ती दुसऱ्या कुणी म्हटली, तर त्यांच्या जिवाला फार लागेल.

धीर एकवटून मी येथील वैद्यांकडे गेले. त्यांनी ब्राह्मी आणि शंखपुष्पीचे चूर्ण दिले आहे, आपल्या वाडीच्या गुंडाबरोबर पाठवते. सकाळी दुधातून द्यावे. गुण येईलच असे ते म्हणाले नाहीत. डॉक्टरांनाही एकदा दाखवा, असे मात्र त्यांनी बजावले.

आज्जीस साष्टांग नमस्कार. लोभ आपल्याकडच्या पावसासारखा तुटपुंजा नसावा.

आपली,
अंजना

बिरोबाची वाडी, दि. १९ सप्टेंबर

चि. अंजनास आप्पासोचा आशीर्वाद. वि. वि.

हिकडं समदी बरी हाईत. औषद पोचलं. पर आज्ज्याची रीत तुला ठावं हाय. नवं औषद आदी मेंढीला, ती तगली तर मग मानसाला. घंटा बांधलेल्या म्हाताऱ्या मेंढीला त्यांनी समदी पुडी पाल्यातनं चारली. आता म्हंत्यात, ही रोज वाट चुकायची, काल एकटी घरला आली, म्हंजी औषदाला गुण हाय. तुजी आज्जी म्हनली, आवं, भूक लागली म्हनून आली ती. लय हसलो.

पर गोष्ट हसन्यावारी न्हाई. पंच म्हंत्यात, म्हाताऱ्याला जमत नसंल तर दसऱ्याला शेजारच्या वाडीचा गडी आनू. त्या दिवशी आज्जा जेवलं न्हाईत. दुसरी पुडी धाड. माया हाय तशीच ठेव.

तुजा काका,
आप्पासो

सांगली, दि. ३० सप्टेंबर

ती. काकांस साष्टांग नमस्कार. वि. वि.

दुसरी पुडी पाठवत आहे. वैद्यांना मेंढीचा वृत्तान्त सांगताना माझी मान वर होईना. ते मात्र डोळे पुसेपर्यंत हसले. मग गंभीर होऊन म्हणाले, की चूर्णाचा उपयोग झालाच तर काही महिन्यांनी, तोही थोडा. दसऱ्यासाठी त्यावर विसंबू नये.

एकाने ओवी गायची आणि जोडीदाराने ती बोलून सोडवायची, म्हणजे तिचा अर्थ उलगडत पुढे न्यायची, ही आपली पद्धत त्यांना सांगता सांगता माझ्याच लक्षात आले. आज्जा अडखळले तेव्हा शेजारी कुणीच नव्हते. पूर्वीही ते अडत असतील, पण त्यांचे जोडीदार सिद्धूबाबा हयात असेपर्यंत हळूच पुढचा धागा देत असतील. काका, त्यांच्या जागी तुम्ही बसाल का? परीक्षेमुळे मला येता येणार नाही. आणि आले तरी चारचौघांत माझा आवाज फुटतो कुठे!

माझ्या आगाऊपणावर रागावू नये, लोभच करावा.

आपली,
अंजना

बिरोबाची वाडी, दि. २८ ऑक्टोबर

चि. अंजनास आशीर्वाद. वि. वि.

तुज्या सांगन्यापरमानं बसलो शेजारी. दसऱ्याला देवळाम्होरं ओवी अडली, आन् माजंच तोंड उगडंना. पंच एकामेकाकडं बगाय लागलं. तेवढ्यात बायकांतनं फुडची ओळ आली, खणखणीत. तुजी आज्जी! तितं बाईमानूस कवा म्हनलं न्हाई. आज्जा वळलं आन् म्हनलं, हरणा, हिकडं ये, सिद्धूच्या जाग्यावर बस. मग ओवी पार शेवटापत्तुर गेली. पंचांनी मानाचा नारळ दोघांच्या हातात दिला.

आवाज कसा फोडायचा ते सुट्टीत आज्जीकडनं शिकून घे. डॉक्टरकडं दिवाळी झाल्यावर न्हेतो.

मेंढी ठणठणीत हाय, म्हनून आज्जा आता औषद घेत्यात. फुडल्या खेपंला मातूर पुड्या दोन धाड. आज्जाच म्हंत्यात, एक हरणाला द्या. माजी आठवन गेली तर चालंल, आता हिची जायला नको.

तुजा काका,
आप्पासो