मार्गदर्शन-खोलीचे दार परत मिळण्याबाबत

प्रति,
मा. चिटणीस, व्यवस्थापक मंडळ,
लोकबोध हायस्कूल, चिंचपोकळी, मुंबई १२.

विषय : मार्गदर्शन-खोलीचे काढून नेलेले दार सोमवारपूर्वी पुन्हा बसवून मिळणेबाबत.
संदर्भ : मुख्याध्यापकांचा तोंडी हुकूम. (लेखी मागितला, मिळाला नाही.)

महोदय,

१. मी या शाळेत मराठी शिकवते व गतवर्षी मंडळाने प्रशिक्षणास पाठवल्यापासून विद्यार्थ्यांच्या व्यवसाय-मार्गदर्शनाचेही काम पाहते. त्यासाठी कचेरीलगतची जुनी नकाशांची खोली मला देण्यात आली. मुलांनी यावे, दार लोटावे आणि पुढे काय करायचे याची जी धास्ती घरी बोलता येत नाही ती बोलावी, एवढाच त्या खोलीचा उपयोग आहे.

२. अकरावीतील कु. दुर्गा परब हिला फोर्टातील एका कंपनीत टेलिफोनच्या बोर्डावर बसायचे आहे. मुलगी हुशार, इंग्रजी चांगले. पण बोलताना अडखळते. पहिले अक्षर घशात अडकले की डोळ्यांत पाणी येते. मात्र आईबरोबर मोर्चात जाते तेव्हा घोषणा देताना ती एकदाही अडखळत नाही, असे तिनेच मला पाटीवर लिहून कळवले. म्हणून मी दार लावून तिला आधी "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे" म्हणायला लावीत असे, आणि त्याच ठेक्यात लगोलग, "नमस्कार, नंबर कोणता पाहिजे?" हे तिला जमू लागले होते.

३. शिपाई अप्पा यांनी बाहेरून पूर्वार्ध तेवढा ऐकला व वर्दी दिली. मुख्याध्यापक श्री. गंगाधर टिपणीस यांचा समज झाला की, खोलीत मोर्चाची तालीम चालते. त्यांची भीती मी समजू शकते. वरून विचारणा झाल्यास उत्तर त्यांनाच द्यावे लागते. परंतु मला एका शब्दाने न विचारता त्यांनी दार उतरवले. सध्या ते त्यांच्या खुर्चीमागे भिंतीला टेकवलेले असून त्यावर शाळेचे वेळापत्रक डकवले आहे. शिवाय मोर्चाला जाणाऱ्या मुलांची नावे मी दर शनिवारी कळवावीत, असेही त्यांनी सांगितले. शाळा चालवणे त्यांचे काम, मुलांचे ऐकून घेणे माझे. नावे मी कळवणार नाही, हे येथे नमूद करते.

४. दार गेल्यापासून अख्खी कचेरी मार्गदर्शन करू लागली आहे. कारकून श्री. हेमचंद्र कर्णिक टेबलावरूनच प्रत्येकाला टायपिंग शिकायला सांगतात. अप्पा मुलांना गिरणीत जाऊ नका म्हणून बजावतात आणि मागाहून आपल्या भाच्याला गिरणीत कुठे चिकटवता येईल का, हे मला विचारतात. फी भरायला आलेले एक पालक तर स्वतःच्याच नोकरीविषयी सल्ला घेऊन गेले, फी भरायची राहिली.

५. हे सारे मी सोसले असते. परंतु गुरुवारी दुर्गा आली तेव्हा श्री. कर्णिक अगदी मायेने म्हणाले, "घाबरतेस काय पोरी, आपलीच माणसं आहेत. बोल बघू मोठ्याने." सर्वांनी माना वर केल्या. तिच्या तोंडून शब्द फुटला नाही. तेव्हापासून ती हजेरीलाही नुसता हात वर करते. येत्या सोमवारी तिची मुलाखत आहे. नोकरी मिळाली तर लग्नाचे पुढे बघू, नाहीतर वैशाखात उरकून टाकू, असे तिच्या वडिलांनी मला समक्ष येऊन सांगितले आहे. महोदय, मला हल्ली झोप लागत नाही.

६. मी पडदा मागितला. "ही शाळा आहे, नाटक कंपनी नव्हे," असे उत्तर आले. गच्ची मागितली, तिथून आवाज रस्त्यावर जाईल म्हणून तिला कुलूप घालण्यात आले.

७. सबब विनंती की, वेळापत्रक अन्यत्र लावून दार परत द्यावे. ते अशक्य असल्यास मी माझ्या बिऱ्हाडातील मोरीचे दार उद्या सकाळी घेऊन येते. सासूबाईंची संमती घेतली आहे. सोमवारपर्यंत घरी जुने लुगडे बांधून भागवू. ते दार या चौकटीला अपुरे पडते, फट राहील. त्या फटीशी कचेरीकडे तोंड करून मी स्वतः उभी राहीन. आत मुलीला तेवढे बोलू द्यावे.

आपली नम्र आणि तूर्त दाराविना,
सौ. कालिंदी अच्युत विजयकर
मार्गदर्शक शिक्षिका
दि. ४ फेब्रुवारी १९५८

सोबत : बिजागऱ्या दोन, स्क्रूंसह.