चार भांड्यांतलं सूप

युव्हास्कुला
गुरुवार, १४ नोव्हेंबर, दुपारचे तीन वाजून वीस मिनिटं. मोठं पातेलं घासून पालथं घातलं आणि लिहायला बसलो.

प्रिय राउहाबाई,

आपला गुडघा कसा आहे? तळ्याच्या काठाला बर्फ धरलाय, जपून चाला. मी ठीक आहे. इथल्या स्वयंपाकवर्गात लोकांना पुस्तकाशिवाय रांधायला शिकवतो.

आज विद्यापीठातले चार संशोधक आले होते. मुलं शाळा अर्धवट का सोडतात, यावर त्यांचा अहवाल चाललाय. आपसांत जमेना, म्हणून त्यांच्या प्रमुख तूलिक्कीबाईंनी सगळ्यांना इथे आणलं. मी म्हटलं, "साल्मन माशाचं सूप करा. कागद नाही, माप नाही."

त्यांनी सुपाचं काम चार भांड्यांत वाटूनच घेतलं! वेसाने बटाटे उकडले, एकीने मासा, एकाने कांदा परतला, तूलिक्कीबाईंनी दूध तापवलं. शेवटी सगळं एकत्र ओतलं. गरम दुधात बटाटे पोहत होते, बस्स.

"हा तर आपला अहवालच झाला," तूलिक्कीबाई म्हणाल्या.

"माझे बटाटे मात्र उत्तम शिजलेत हं," वेसा म्हणाला.

"मग बटाटेच खा!" तूलिक्कीबाईंनी सुनावलं.

दुसऱ्या खेपेला मी एकच पातेलं ठेवलं, एकच चमचा. काही घालण्याआधी चाखायचं आणि शेजाऱ्याला विचारायचं. कांदा परतताना अहवालातल्या चौदा नंबरच्या मुलावरून त्यांची जुंपली.

"घरची गरिबी, दुसरं काय!"

"छे, अभ्यासाचा कंटाळा."

बाई, चौदा नंबरचा मुलगा मी आहे. दोन वर्षांपूर्वी विद्यापीठातल्या एका मुलीने मुलाखत घेतली होती, तेव्हा नावाऐवजी हाच नंबर दिला होता. 'का सोडलीस?' यावर मी 'असंच' म्हणालो होतो. यांच्याकडे फक्त नंबर. मी चमचा हाती घेतला. कांदा करपत होता.

"त्यालाच विचारा ना," मी म्हणालो. "चमचा त्याच्याच हातात आहे."

मग सांगितलं. शाळेत आपण दिलेला गटाचा प्रकल्प. माझ्या एका पानात शुद्धलेखनाच्या एकोणीस चुका. गटातल्या मुलांनी ते पान जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचलं. माझं पान आधी कुणी पाहिलं नव्हतं, मीही दाखवलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून मी आलो नाही.

कुणीही वही काढली नाही. वेसाने फक्त चमचा मागितला, चाखलं आणि विचारलं, "शेपू आत्ता घालू, की थांबू?"

"थांब जरा."

सूप चांगलं झालं, बाई. चौघांनी दोनदा घेतलं. अहवालातलं ते प्रकरण सगळे मिळून लिहिणार आहेत, मलाही बोलावलंय. मी हो म्हणालो.

आपली तिन्ही पत्रं माझ्याजवळ आहेत. 'माझं काही चुकलं का?' असं आपण तिन्हींत विचारलंत. नाही, बाई. आपण मला सोबत मिळावी म्हणून गटात घातलं होतंत, हे मला तेव्हाही कळत होतं.

हे पत्र शब्दकोश घेऊन दोनदा तपासलंय. तरी काही राहिलं असेल, तर लाल खूण करून परत पाठवा. आता चालेल.

न सांगता वर्ग सोडून गेलेला,
आपला ओइवा