पुढच्या लिफ्टने

मी, ओंदिना बातिश्ता, वय एकोणऐंशी, जन्मभर लोकांच्या घरी कामाला, राहणार आउरोरा इमारत, सहावा मजला, रेसिफे, ब्राझील, हे मृत्युपत्र कुणाच्याही धाकाशिवाय लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण त्यांच्याबद्दल कायदा काही विचारत नाही.

१. हा फ्लॅट माझ्या मालकीणबाई दोना एउनिसे यांनी मरण्याआधी माझ्या नावे केला. त्यांच्या पुतण्यांनी बरीच आदळआपट केली, पण कागद पक्का होता. माझ्यामागे तो माझी भाची जानीसी हिला मिळावा. स्वयंपाकघरामागच्या ज्या बिनखिडकीच्या खोलीत मी तरुणपण काढलं, तिथं कांदे-बटाटे ठेवावेत. जानीसी, उद्या तुझ्याकडे बाई कामाला आली, तर तिला तिथं झोपवायचं नाही. झोपवलंस तर मी स्वप्नात येऊन भांडेन.

२. टॅपिओकाच्या पोळ्या भाजायचा लोखंडी तवा वॉचमन वाल्देसी याला. साबण लावू नकोस रे बाबा.

३. बँकेतली शिल्लक घरकाम करणाऱ्या बायकांच्या संघटनेला द्यावी. तिथल्या वकीलबाईंनी माझा खटला लढवला. तो का, तेही लिहिते, कारण कलम चार त्यावरच उभं आहे.

त्या दिवशी दोना एउनिसेंचा वाढदिवस होता. मी चर्चमधून येताना पेरूच्या जेलीचा गुंडाळलेला केक घेतला. अंगावर निळा झगा होता, माझा, स्वतःच्या पैशाचा. पुढच्या लिफ्टपाशी सातव्या मजल्यावरच्या दोना सिल्विन्या उभ्या होत्या.

"ए, कामवाल्यांची लिफ्ट मागे आहे."

"बाई, कुणालाही कुठलीही लिफ्ट, असा कायदा झालाय. ही काय पाटी."

"मग तुझा तो कायदा घेऊन मागच्या लिफ्टनं जा!"

त्यांनी वाल्देसीला हाक मारली. तो खाली मान घालून म्हणाला, "ओंदिनाताई, चला ना मागून. माझी नोकरी जाईल हो." मी गेले, कचऱ्याच्या पिंपाशेजारी उभी राहून. इतका संताप मला आयुष्यात आला नव्हता. सोमवारी मी संघटनेत गेले.

कोर्टात वाल्देसी खरं बोलला, म्हणून तवा त्याला. न्यायाधीशबाईंनी विचारलं, काय हवं? मी म्हटलं, "मी पुढच्या लिफ्टनं वर जाणार आणि बटण ह्या दोना सिल्विन्या दाबणार." त्या हसल्या. "ओंदिनाबाई, बटण दाबायची शिक्षा कायद्यात नाही." त्यांनी सगळ्या रहिवाशांसमोर माफी मागायचा हुकूम दिला. दोना सिल्विन्यांनी मागितली, पण अशी, की ओठ हलताना तेवढे दिसले. तेव्हापासून मी पुढच्याच लिफ्टनं जाते-येते. भाजी आणायला, कचरा टाकायलासुद्धा.

४. आता मुख्य गोष्ट. आमच्या इमारतीत मेलेल्या माणसाला मागच्या लिफ्टनं उतरवतात. मला तसं उतरवू नये. निळा झगा घालून, पुढच्या लिफ्टनं, पुढच्या दारानं न्यावं. शवपेटी मावत नाही, असं सोसायटीचे लोक म्हणतील. आडवी मावत नाही, हे मलाही ठाऊक आहे, मी मापून बघितलंय. तेव्हा मला पेटीत नीट बांधावं आणि उभं करून न्यावं. मी उभी राहीन. सवय आहे.

हे सगळं पार पाडायची जबाबदारी जानीसीची. लिफ्टचं दार जड आहे, आपोआप मिटतं. पेटी बाहेर पडेपर्यंत ते दोना सिल्विन्या यांनी धरावं, अशी माझी इच्छा आहे. कायदा त्यांना भाग पाडू शकत नाही. म्हणून मी आज त्यांनाच साक्षीला बोलावलंय.

हे सर्व वाचून, समजून, पुढील साक्षीदारांदेखत सही केली.

ओंदिना बातिश्ता
रेसिफे, १२ ऑगस्ट २०१९

साक्षीदार १: डॉ. हेइतोर मासिएल, तिसरा मजला. बाई पूर्ण शुद्धीवर आहेत, जरा जास्तच.

साक्षीदार २: सिल्विन्या कावालकांती, सातवा मजला. उभं करून नेणं मला अजिबात पटलेलं नाही, तशी नोंद व्हावी. दार धरीन.