चार बोटं

बाबा, आज सकाळी गाळ्यावर बॅटरीचा पिकअप आला. डिझेलचा टेंपो तुम्ही लांबूनच ओळखायचात. चढावर इंजिन कण्हलं की घण न थांबवता म्हणायचात, "जास्त भरलाय रं यानं." ही गाडी कण्हत नाही. दारात येऊन उभी राहिली तरी मला कळलं नाही. मालक खालापूरचा, पंचविशीतला. कर्जतकडे डोंगरांवर बंगले होतायत, तिथे फरशी पोचवतो. "ताई, मागं स्प्रिंगला एकेक पाटा वाढवा. मोटरला जोर लय हाय, पण भरली का मागून बसते." मी म्हटलं, मोटरचा जोर ओढायला, ओझं सोसायचं ते पाट्यांनी. त्यात बॅटरीचं वजन आधीच गाडीवर. डिझेल जळून हलकं तरी होतं, बॅटरी रिकामी झाली तरी तेवढीच जड. तो हसला. "तुमी शाळेतल्या बाईंसारखं बोलता." मी पाटे बसवले आणि गाडी भरून परत आणायला सांगितली.

तुमचा नियम अजून तोच आहे. गाडी भरून आली की मागच्या चाकाशी वाकायचं, पाटा आणि त्याच्या वर चासीला लावलेलं रबर यांच्यामध्ये बोटं एकावर एक धरून हात उभा घालायचा. चार बोटं मावली तर जा, नाहीतर माल उतरव. लोक चिडायचे. "काका, हात हाय का वजनकाटा?" तुम्ही म्हणायचात, "काटा खोटं बोलंल रं. खड्डा नाय बोलणार."

मी तुमच्या हाताखाली शिकत होते तेव्हा एका दुपारी तुम्ही जेवायला घरी गेला होतात. सकाळी तुम्हीच भट्टीत तापवून, पाणी देऊन कडक करून बसवलेल्या पाट्यांचा टेंपो फरशी भरून परत आला. लोधिवलीचा टेंपोवाला, तुमच्याच वयाचा, घाईत होता. "तूच बघ गं, तुला काय येत नाय?" मला बरं वाटलं. मी वाकले, हात घातला. चार बोटं मावली. जा, म्हटलं. उतारावर एका खड्ड्यात पाटा तुटला, टेंपो कलंडला. त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

तुम्ही मला एकदाच विचारलंत, "चार बोटं होती?" मी म्हटलं, होती. खोटं नव्हतं ते. तुम्ही भट्टीकडे वळलात. मग म्हणालात, "म्हणजे पाणीच चुकलं माझं." संध्याकाळी स्वयंपाकघरात आपण जेवायला बसलो आहोत. आई चुलीपुढे. भाकरी मोडताना तुमचा हात माझ्या हाताशेजारी येतो. घणाने जाड झालेली तुमची चार बोटं. माझी चार त्यांच्या पाऊणपट जाडीची. अंगठा धरला तर कुठे बरोबरी होईल. मला तिथेच कळतं. "खा गं," तुम्ही म्हणता, "तुझा काय दोष?" आणि मी खाते.

त्यानंतर तुम्ही पाट्याला पाणी दिलं नाही. तयार पाटे आणून बसवायचात. दर रविवारी लोधिवलीला जाऊन त्याच्या ओटीवर बसायचात. तो तुम्हाला म्हणायचा, "भाऊ, तोंड पाडून नका येऊ. पाय माझा गेलाय, तुमचा नाय." हे तुम्ही घरी येऊन सांगायचात. आई हसायची, तुम्ही हसायचा नाहीत. असे दोन वर्षांचे रविवार होते. त्यातल्या कुठल्याही रविवारी मला सांगता आलं असतं. मग तुम्ही गेलात.

दुपारी पिकअप भरून आला. मी हात उभा घातला. चार बोटं मावली. अंगठा शिरेना. "फरशीच्या पेट्या कमी कर," मी म्हटलं.

"पण माप तर चार बोटांचं ना? माझे काका सांगतात, तुमच्या बाबांचं चारच होतं."

"पाचाचं होतं."

तो पुटपुटत पेट्या उतरवायला लागला. मी सगळ्यांना असंच सांगते, पाचाचं होतं. चाराचं म्हटलं, तर माझं पाचाचं का ते सांगावं लागेल.

तुमच्या पाण्यात काही चूक नव्हती, बाबा. एवढंच लिहायचं होतं. हा कागद इथेच राहील. टेंपोवाला अजून आहे. कुबडी घेऊन ओटीवर बसलेला असतो, गाळ्यापासून अर्ध्या तासाच्या वाटेवर. तुम्हाला लिहिणं सोपं आहे. त्याच्याकडे मी अजून गेलेले नाही.