तेओफिलोच्या नावाला पडलेली मतं

सांता पोलोनिया
जूनमधला रविवार

प्रिय एडना,

परवा फोनवर तू बोलत होतीस आणि मी नुसती ऐकत राहिले, ते तुला फार लागलं असणार. तू म्हणालीस, "आई, ती मतं बाबांची आहेत. मेलेल्या माणसाच्या मतांवर तू मेयर होऊन बसलीस तर मी त्या घरात पाऊल ठेवणार नाही." मग तू फोन ठेवलास. मला पटकन उत्तर देता येत नाही हे तू जाणतेस. इतकी वर्षं दोघांच्या वाटचं तुझे बाबाच बोलत आले, आणि शाळेत गणित शिकवताना मला फळ्याकडं तोंड करून बोलायची सवय लागली. बाबांच्या प्रचारात राबणाऱ्या देल्फिनची पुतणी या आठवड्यात तैपेईला परत निघाली आहे, तिच्यासोबत हे पत्र पाठवते. तिथं तू ज्यांना सांभाळतेस त्या आजोबांना झोपवलंस की सावकाश वाच.

बाबा गेले त्या दिवशी तुला जे कळलं ते देल्फिनच्या तोंडून, रडत रडत, अर्धवट. तुझे बाबा माताबाव बेटावरची सभा आटोपून नावेतून परत येत होते. बेटावर नावांसाठी धक्का बांधला की बायकांना कमरेएवढ्या पाण्यातून तांदळाची पोती डोक्यावर घेऊन चालावं लागणार नाही, असं ते नावाड्याला समजावत होते. बोलता बोलता थांबले. थोरल्या बहिणीला हाक मारावी तसं नावाड्यानं मला सांगितलं, "मानाय, मला वाटलं दम घेतायत. तेओफिलो मध्येच थांबला असं आजवर कधी झालंच नव्हतं, म्हणून मी वळून बघितलं." किनाऱ्याला लागेपर्यंत सगळं संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, हृदय. मतदान चार दिवसांवर आलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी देल्फिन आणि पक्षाची माणसं टोप्या हातात धरून आली. मतपत्रिका छापून झाल्या होत्या, त्यांच्यावर तुझ्या बाबांचं नाव होतं आणि ते आता बदलणार नव्हतं. कायदा असा की उमेदवार मेला तर त्याच आडनावाचं माणूस त्याच्या जागी उभं राहू शकतं, आणि मेलेल्याच्या नावापुढं पडलेली मतं त्या माणसाची धरतात. कोणीच उभं राहिलं नाही तर सगळी मतं वाया. बालमेस आडनावाची आता दोनच माणसं उरली होती, तू आणि मी, आणि तू समुद्रापलीकडं. मी सही केली. मेयरची खुर्ची त्या वेळी माझ्या मनात आलीसुद्धा नव्हती, एडना. माणूस घरात शवपेटीत आहे आणि बाहेर त्याचं नाव वाया जाणार, एवढंच मला सोसवेना.

आता पुरण्याआधीच्या त्या आठवडाभराच्या जागरणाचं सांगते. देल्फिननं शवपेटीशेजारी फोन उभा करून ठेवला होता, त्यातून तू बघत होतीस, पण त्यातून खोलीचा एकच कोपरा दिसायचा. माणसं इतकी आली की अंगणातलं लिंबाचं झाड खुर्च्यांनी वेढलं गेलं. आल्याचा चहा, कॉफी, बिस्किटं, शेंगदाणे, भाताची पेज, आणि पत्ते. आपल्याकडं दुखवट्याच्या घरात कोणी कोणाचे आभार मानायचे नसतात, कोणाला पोचवायला दारापर्यंत जायचं नसतं, घर झाडायचं नसतं. तुझ्या आजीच्या वेळी मी हे सगळं पाळलं, आताही पाळलं. देल्फिनचा मात्र जीव कासावीस व्हायचा. एकदा तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "मानाय, अख्खा डोंगराकडचा पाडा उठून आलाय, निदान मान तरी हलव! उमेदवार आहेस तू!" कोपऱ्यात पत्ते पिसत बसलेली माताबावची म्हातारी लोला ट्रिनिंग तिथूनच ओरडली, "गप रे देल्फिन. ती मान हलवेल आणि तू म्हणशील, भाषण केलं." सगळे हसले. मीही हसले असेन. तुझे बाबा त्या हसण्यात सामील नाहीत हे माझ्या लक्षात यायला थोडा वेळ लागला.

ही लोला तुला आठवत असेल, वाळवलेले मासे विकायला यायची ती. तिची जीभ अजून तशीच आहे. शवपेटीपाशी उभी राहून, क्रुसाची खूण करून, तिनं सगळ्यांसमोर म्हटलं, "तीनदा पडला बिचारा, आणि चौथ्यांदा पडायला नको म्हणून गेला." मला राग यायला हवा होता. आला नाही. तुझ्या बाबांनी स्वतःच हा विनोद केला असता.

मतदानाच्या आदल्या दिवशी निवडणूक कार्यालयातला माणूस पोलिसाला घेऊन आला. प्रचाराची मुदत संपली होती आणि मेयर सोरेदाच्या माणसांनी तक्रार केली होती की बालमेसच्या घरात प्रचाराचा फोटो लावलाय. फोटो लावला होता खरा. तुझ्या बाबांचा बरा असा तोच एक फोटो होता, निळ्या शर्टातला, खाली उमेदवाराचा नंबर आणि "धक्का होणारच" असं लिहिलेला. शवपेटीच्या डोक्याशी मी तोच ठेवला होता, दुसरं काही सुचलंच नव्हतं. पोलीस माझ्याच वर्गातला, पॅस्क्वाल. तो इतका लाजला की त्याला नीट बोलता येईना. "मॅडम, फोटो राहू दे, फक्त... खालचा तो नंबर..." मी उठले, फोटो खालून दुमडला आणि परत ठेवला. पॅस्क्वालनं टोपी काढली, क्रुसाची खूण केली, आणि जाता जाता सवयीनं "थँक्यू मॅडम" म्हणाला. सगळ्यांनी त्याच्याकडं असं बघितलं की तो पायऱ्या चुकून अंगणातच उतरला. त्या दिवशी दारूबंदी होती, पत्ते खेळणारे कॉफीवरच भांडत होते, आणि लोला म्हणत होती, असलं कोरडं जागरण तिनं जन्मात बघितलं नाही.

सोमवारी, मतदानाच्या सकाळी, मी खिडकी उघडली आणि समुद्राकडं बघत राहिले. माताबावहून नावा येत होत्या. एकामागून एक, माणसांनी भरलेल्या, म्हाताऱ्या माणसांना मध्ये बसवलेलं. समुद्र त्या दिवशी उंच होता, लाटांमागं नावा दिसेनाशा व्हायच्या आणि पुन्हा वर यायच्या. मी आजवर किती निवडणुकांत शाळेत बसून लोकांच्या बोटांना शाई लावली, पण ती बोटं येतात कुठून हे कधी बघितलं नव्हतं. तुझे बाबा उभे असले की मला त्या कामावर बसायची मनाई असायची, तेव्हा मी घरात दार लावून पेपर तपासायचे. या वेळी दार उघडं होतं. माणसं ओल्या कपड्यांनी सरळ किनाऱ्यावरून आमच्याकडं आली. शवपेटीपाशी उभी राहिली, पेज प्याली. मग तिथून कोणी घरी गेलं नाही. मेलेल्याच्या घरून सरळ आपल्या घरी जायचं नसतं, वाटेत कुठंतरी थांबून यायचं, नाहीतर मरण पाठोपाठ येतं. एरवी लोक बाजारात थांबतात, चहाच्या टपरीवर थांबतात. त्या दिवशी सगळं बंद होतं. उघडी होती ती एकटी शाळा.

हे कोणी ठरवलं नव्हतं, एडना. तू म्हणालीस की देल्फिननं बाबांच्या शवपेटीचं व्यासपीठ केलं. देल्फिनमध्ये तेवढी अक्कल असती तर तुझे बाबा जिवंतपणीच निवडून आले असते. लोक आपापल्या भीतीनं आणि आपापल्या मायेनं चालत होते. मी खिडकीतून बघत होते. आमच्या दारातून शाळेच्या फाटकापर्यंत माणसांची रांग जात होती, सोरेदाच्या पक्षाच्या रंगाचे शर्ट रोज घालणारीसुद्धा, आणि त्या रांगेत आवाज नव्हता. चर्चमध्येही मी इतकी शांतता बघितलेली नाही.

मेयर सोरेदा स्वतः आला, बायकोला घेऊन. यावंच लागतं. तो बराच वेळ तुझ्या बाबांकडं बघत बसला. दोघं एका बाकावर शिकले होते. मग हळू आवाजात म्हणाला, "मानाय सालुद, तेओफिलो तीन निवडणुका घसा फोडून ओरडला, मी घाबरलो नाही. तुम्ही चार दिवस बोलला नाहीत, आणि मला झोप नाही." त्याची बायको म्हणाली, "कासिमिरो, चला, पेज गार झाली." तो उठला. मी उठले नाही, दारापर्यंत गेले नाही. तोही घरी गेला नाही. शाळेतच गेला.

दुपारी ऊन उतरल्यावर मी गेले. रांगेतली माणसं बाजूला सरली. मी नको म्हणून शेवटी उभी राहिले, तर माझ्यामागं कोणी उभं राहीना, आणि पुढचेही रांग सोडून, माझं मत होईपर्यंत भिंतीला टेकून थांबले. त्या खोलीत मी वर्षानुवर्षं अपूर्णांक शिकवले आहेत. मतपत्रिका हातात घेतली. माझं नाव तिच्यावर कुठंच नव्हतं. "बालमेस, तेओफिलो" आणि त्यापुढं रिकामा लंबगोल. तो रंगवायचा म्हणजे मी त्यांना मत देत होते की स्वतःला, हे मला तेव्हा कळलं नाही आणि आजही नीट सांगता येत नाही. शाई कडेबाहेर जाऊ नये म्हणून मी दुसऱ्या हातानं मनगट धरून तो गोल भरला. यंत्रानं कागद आत ओढून घेतला.

निकाल दिवेलागणीनंतर आला. लोक नगरपालिकेपाशी थांबतील असं मला वाटलं होतं, पण ते आमच्या अंगणात आले, रस्त्यावर, पार कोपऱ्यावरच्या विहिरीपर्यंत. देल्फिन धावत आला, "जिंकलो!" म्हणून ओरडला, आणि शवपेटी दिसताच त्यानं स्वतःच्या तोंडावर हात दाबला. मेलेलं माणूस घरात असताना टाळ्या वाजवायच्या नसतात. मला बाहेर जाता येत नव्हतं, आभार मानता येत नव्हते. त्यांना ओरडता येत नव्हतं. एवढं मोठं गाव जिंकून माझ्या दारात उभं होतं आणि लिंबाचं पान पडल्याचा आवाज ऐकू येत होता. एकेकानं टोपी काढली. मी आत खुर्चीवर बसून त्यांच्याकडं बघत होते. त्यातलं तुझ्या बाबांसाठी काय होतं, माझ्यासाठी काय होतं, मला कळेना. हे तुझ्या त्या फोनमधून दिसायला हवं होतं. पण फोन शवपेटीकडं तोंड करून होता.

आता जे कोणाला सांगितलं नाही ते सांगते. मत देऊन मी शाळेच्या व्हरांड्यात आले तर लोला ट्रिनिंग पायरीवर बसून होती, शाई लागलेलं बोट स्कर्टला पुसत. ती शाई पुसून जात नाही हे तिला चांगलं ठाऊक आहे. मला म्हणाली, "तुझ्या नवऱ्याला मी आजवर एकदाही मत दिलं नाही. तोंडावर सांगते. बेटावर कोणीच फारसं दिलं नाही. धक्का, धक्का, धक्का, ऐकून कान किटले होते. आज दिलं." मी विचारलं, मेला म्हणून? ती म्हणाली, "मेलेल्याला मत कशाला देऊ, तो काय धक्का बांधणार? तुला दिलं. तू मानसुद्धा हलवली नाहीस. जी आभार मानायलाही तोंड उघडत नाही ती खोटं कधी बोलणार?" मी तिला म्हणाले की मी रीत पाळत होते, आणखी काही नाही. ती म्हणाली, "मग तीच पाळत राहा."

एडना, मला त्या म्हातारीचा राग आला. बरेच दिवस राहिला. वाटलं, इतक्यांदा पडून शेवटी एकदा तुझ्या बाबांचं नाव जिंकलं, आणि ही तेही त्यांच्या हातातून काढून घेते आहे. म्हणून तू फोनवर "बाबांची मतं" म्हणालीस तेव्हा मी गप्प राहिले. तुला तसंच वाटत राहावं असं मला वाटत होतं. पण खोटं सांभाळून मी ती खुर्ची सोडू शकत नाही, आणि खोटं सांभाळून ती घेऊही शकत नाही. काही मतं त्यांची आहेत, इतक्या वर्षांच्या घसाफोडीची. काही लोलासारख्यांची आहेत. सगळी एकाच नावापुढं, एकाच शाईनं रंगवलेली. यंत्राला ती वेगळी करता आली नाहीत, मलाही येणार नाहीत. त्यांची परत करायची म्हटली तर ओल्या कपड्यांनी आलेल्यांचीही परत करावी लागतील, आणि तेवढं धैर्य माझ्यात नाही. या महिन्याच्या शेवटच्या दिवशी, भर दुपारी, मी शपथ घेणार आहे. हे तुला देल्फिनच्या फोनवरून कळू नये म्हणून लिहिलं. शपथेच्या वेळी बायबल हातात धरायला घरचं माणूस लागतं. देल्फिन धरतो म्हणतो, नवा शर्टही शिवायला टाकलाय त्यानं. त्याला मी अजून हो म्हटलेलं नाही.

तू रागावलीस तरी तुझीच,
आई